झोपलेला कॉम्प्युटर उठेना, तेव्हा...

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या 'रविवार सकाळ' व्याख्यानमालेतील भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले असून वक्त्यांनी स्वतः तपासून दिले आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. - संपादक मंडळ)



मागच्या रविवारी याच खुर्चीवर बसून आपल्या डॉक्टरताई गुडघेदुखीवर बोलल्या. सभागृह भरलं होतं, कारण गुडघे सगळ्यांनाच आहेत. आज माझा विषय कॉम्प्युटर. सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, लोक येतील का?" मी म्हटलं, येतील, कारण गेल्या वर्षी आपल्या ऑफिसातला कॉम्प्युटर उठला नाही तेव्हा निम्मी सोसायटी खिडकीत उभी राहून बघत होती. त्या दिवशी नक्की काय झालं, हे अजूनही पुष्कळ जणांना माहीत नाही. तेच आज सांगायचं आहे. आणि तुमच्या घरी असं झालं तर काय करायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, तेही.

आधीच सांगून टाकतो, मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला ३१ वर्षं काढली. मोटर, पॅनेल, कॉन्टॅक्टर हे माझं जग. पण रात्रपाळीला लाइन बंद पडली आणि सुपरवायझर डोक्यावर उभा असला, की एक गोष्ट अंगवळणी पडते. घाई करायची नाही, आधी साधं तपासायचं, मग अवघड. कॉम्प्युटरलाही तोच नियम लागू पडतो, हे मला उशिरा कळलं. का उशिरा, ते पुढे येईलच.

त्या सोमवारी काय झालं

सप्टेंबर महिना. गणपती तोंडावर आलेले. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, आणि तिची नोटीस अहवालासकट १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडायला हवी, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शनिवारी रात्री खजिनदार उशिरापर्यंत ताळेबंद करत बसले होते. दोन आकडे जुळत नव्हते. साडेदहा वाजता घरून फोन आला, तेव्हा त्यांनी सगळं उघडंच ठेवलं, कॉम्प्युटर स्लीपवर टाकला आणि कुलूप लावून वर गेले. सेव्ह केलं होतं का? ते इथे समोरच बसले आहेत, बघा, मान हलवतायत. नव्हतं केलं.

रविवारी पहाटे आपल्याकडे लाइट गेली. तुम्हाला आठवत असेल, लिफ्टसुद्धा बंद होती. चारेक तासांनी आली.

सोमवारी सकाळी मॅनेजरनी ऑफिस उघडलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पुढचा दिवा लागला, पण पडदा काळा. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग प्रत्येक येणाऱ्या माणसाने एकदा एकदा दाबून पाहिलं. आपल्याकडे लिफ्ट आणि कॉम्प्युटर यांचं बटण स्वतः दाबल्याशिवाय कुणाचाच विश्वास बसत नाही!

एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने फोनवरच निदान केलं. "मदरबोर्ड किंवा हार्डडिस्क गेली असणार. घेऊन या, फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो, संध्याकाळपर्यंत चालू." खर्च सांगितला तोही फार नव्हता. कमिटीतले दोघेजण सीपीयू उचलायला निघालेसुद्धा. तेवढ्यात मी दूध घेऊन येत होतो. 'फॉर्मॅट' हा शब्द कानावर पडला आणि पिशवी तिथेच टेबलावर ठेवून मी म्हटलं, "थांबा. हात लावू नका."

त्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं बघा. अकरा वर्षांचे हिशेब. सगळ्यांची देखभाल बिलं आणि थकबाकी. सभासदांची यादी, म्हणजे आपला 'जे' नमुना. स्कॅन करून ठेवलेली नामनिर्देशनं. बी विंगमधल्या आजींच्या नावावर फ्लॅट करण्याचं काम तेव्हा चालू होतं. आजोबांनी भरून दिलेला नामनिर्देशनाचा मूळ कागद गच्चीच्या गळतीत भिजून गेला होता आणि त्याची एकच स्कॅन केलेली प्रत त्या पेटीत होती. बॅकअप? एक पेन ड्राइव्ह होता, त्यावर दीड वर्षांपूर्वीची तारीख होती.

मी 'थांबा' का म्हणालो

हे सांगणं थोडं अवघड आहे, पण सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या घरचा कॉम्प्युटर असाच एका रात्री झोपला आणि सकाळी उठला नाही. पंखा चालू, पडदा काळा. अगदी हेच. ३१ वर्षं लोकांना 'आधी सप्लाय बघा' सांगणारा मी, स्वतःच्या घरी मात्र घाबरलो. एका मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "काका, फॉर्मॅट करू का?" मी म्हणालो, "कर बाबा काय करायचं ते, चालू कर." त्याने केलं. त्याचा दोष नाही. मी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही, की त्यात माझ्या आईच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या आहेत. चाळीसएक मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. गावी गेलो होतो तेव्हा तिला ओट्यावर बसवून केलेलं. मध्येच कोंबडी ओरडते, आई तिला हाकलते आणि पुन्हा ओवी धरते. ते गेलं. आई तर त्याच्या आधीच गेली होती.

पुढे महिन्याभरात कॉम्प्युटर पुन्हा तसाच बंद पडला. या वेळी मी तो स्वतः उघडला. रॅमची पट्टी खाचेत एका बाजूने वर आली होती. दाबून बसवली, चालू झाला. म्हणजे पहिल्या वेळीही हार्डडिस्कला काहीही झालेलं नव्हतं. जे पुसलं ते विनाकारण पुसलं.

तेव्हापासून मी हे शिकत गेलो. आणि आज मला तुम्हाला एकच वाक्य द्यायचं आहे, बाकी विसरलात तरी चालेल. उठत नाही म्हणजे मेला असं नाही, आणि यंत्र बिघडलं म्हणजे त्यातला मजकूर बिघडला असं मुळीच नाही. यंत्र बाजारात मिळतं, मजकूर मिळत नाही.

झोप म्हणजे नक्की काय?

कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारची स्मरणं असतात. एक रॅम, म्हणजे कामाचं टेबल. दुसरी हार्डडिस्क किंवा एसएसडी, म्हणजे कपाट. टेबलावर काम भराभर होतं, पण वीज गेली की टेबल रिकामं. कपाटातलं मात्र वीज गेली तरी राहतं.

स्लीपमध्ये टाकता तेव्हा प्रोसेसर, पंखे, पडदा हे सगळं बंद होतं, पण रॅमला थोडीशी वीज चालू राहते. एसएमपीएस, म्हणजे मागे वायर लावतो ती पत्र्याची डबी, ५ व्होल्टचा एक वेगळा बारीक पुरवठा सतत देत असते. त्याला स्टँडबाय म्हणतात. चाळीत जिन्यावर रात्रभर एक झिरोचा बल्ब जळायचा ना, तसं. तेवढ्यावर टेबलावरचे कागद जागच्या जागी राहतात आणि बटण दाबलं की चार-पाच सेकंदांत काम पुढे सुरू.

हायबरनेट म्हणजे दुसरी गोष्ट. त्यात टेबलावरचं सगळं जसंच्या तसं कपाटात उतरवून मग कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो. वीज गेली तरी फिकीर नाही.

आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी, म्हणजे डेस्कटॉपसाठी, विंडोजमध्ये या दोन्हींचं मिश्रण आहे. त्याला हायब्रिड स्लीप म्हणतात. झोपण्याआधी कपाटातही प्रत उतरवतो आणि रॅमही जागती ठेवतो. लाइट गेली नाही तर रॅममधून पटकन उठतो. लाइट गेलीच, तर कपाटातली प्रत काढतो. बहुतेक डेस्कटॉपवर हे आधीपासून चालू असतं. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या गोष्टीचा शेवट यावरच आहे.

आम्ही काय काय केलं

आता ऑफिसातल्या टेबलाकडे परत येऊ. मी, मॅनेजर आणि सी विंगमधली नववीतली आपली एक मुलगी, असे तिघे. तिला मी वही-पेन दिलं आणि सांगितलं, आपण जे करू ते लिही. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. कारखान्यातली पहिली शिकवण.

पहिली पायरी, पडदा. मॉनिटर स्वतः चालू आहे का? त्याचं स्वतःचं बटण दाबलं तर त्याचा मेनू आला. म्हणजे मॉनिटर जिवंत. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा लावली. 'नो सिग्नल'. म्हणजे मॉनिटर तयार आहे, कॉम्प्युटरच काही पाठवत नाही.

दुसरी पायरी, कॅप्स लॉक. ही युक्ती सगळ्यांनी लिहून घ्या, फुकट आहे. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबायचं आणि त्याचा दिवा लागतो-विझतो का बघायचं. लागला तर कॉम्प्युटर आतून जागा आहे, फक्त पडदा उठला नाही. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायची. त्याने पडद्याचं काम पाहणारा भाग नव्याने सुरू होतो आणि बरेचदा चित्र परत येतं. पॉवरचं बटण दाबून धरायचीसुद्धा गरज पडत नाही. आपल्याकडे मात्र दिवा ढिम्म. म्हणजे बिघाड आत.

तिसरी पायरी, वीज पूर्ण काढणे. मागची वायर काढली. नुसतं बटण बंद करून चालत नाही, वायरच काढायची. मग पुढचं पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरलं. आत साठलेला उरलासुरला विद्युतभार त्याने निघून जातो. अर्धवट जागा, अर्धवट झोपलेला असा अडकलेला बोर्ड पुष्कळदा एवढ्यानेच सुटतो. वायर लावली, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. वहीत लिहिलं, "फरक नाही."

चौथी पायरी, बाहेरचे पाहुणे काढणे. प्रिंटर, वेबकॅम, पेन ड्राइव्ह, स्पीकर हे सगळं काढलं. फक्त मॉनिटर, कीबोर्ड आणि वीज. एखादी खराब यूएसबी वस्तूसुद्धा कॉम्प्युटरला दारातच अडवून धरते. फरक नाही.

पाचवी पायरी, रॅम. पुन्हा वायर काढली. कॅबिनेटचं झाकण उघडलं. आत काय धूळ म्हणता! आणि एक वाळलेलं झुरळ. मॅनेजर म्हणाले, "हाच तो व्हायरस." आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. कुठली कुठल्या खाचेत आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढला. पट्ट्या काढल्या. त्यांचे सोनेरी दात काळपट झाले होते. पावसाळ्याची दमट हवा, दुसरं काय. मुलीच्या कंपासमधला साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, भुसा फुंकरीने नव्हे तर मऊ ब्रशने झटकला, कारण फुंकरीत थुंकी जाते. आणि दोन्ही पट्ट्या त्याच खाचेत 'टक' आवाज येईपर्यंत बसवल्या.

वायर लावली. बटण दाबलं. आणि पडद्यावर अक्षरं आली! खिडकीत टाळ्या पडल्या.

पण थांबा. टाळ्या लवकर पडल्या. अक्षरं इंग्रजीत होती आणि सांगत होती, की तारीख-वेळ बसवलेली नाही, पुढे जायला एफ-१ दाबा. एफ-१ दाबलं तर काळ्या पडद्यावर दुसरी ओळ आली. चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

इथे सगळ्यांचे चेहरे उतरले. "गेली हार्डडिस्क. तो दुरुस्तीवाला बरोबर सांगत होता." मीसुद्धा एक मिनिट गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, मला ओव्या आठवल्या.

यादीत नाव आहे का?

मग त्या मुलीनेच विचारलं, "आजोबा, डिस्क सापडत नाही म्हणजे डिस्क नाहीच, की डिस्क आहे पण तिच्यावरून चालू करता येत नाही?"

लाख रुपयांचा प्रश्न. आपल्याकडे एखाद्याचं मतदार यादीत नाव नसतं, म्हणून तो माणूस नसतो का? आम्ही बायोसमध्ये गेलो. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा, बोर्डावरच बसलेला छोटा प्रोग्राम. तिथे कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंची यादी असते. यादीत हार्डडिस्कचं नाव ठळक होतं, क्षमतेसकट. म्हणजे डिस्क जिवंत. मग अडलं कुठे?

तारीख बघितली तर काही वर्षं मागची. आणि इथे गाठ सुटायला लागली. मदरबोर्डावर आठ आण्याएवढा एक चपटा सेल असतो. सीआर-२०३२, ३ व्होल्टचा. कॉम्प्युटरची वीज पूर्ण बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसच्या सेटिंग जपणं हे त्याचं काम. मल्टीमीटर आणून मोजला. जेमतेम दीड व्होल्ट. सेल कधीच संपलेला होता.

मग इतके दिवस कळलं कसं नाही? कारण आपण कॉम्प्युटर कधी पूर्ण बंदच करत नव्हतो! रोज संध्याकाळी स्लीप. स्टँडबायची ती बारीक वीज चालू असेपर्यंत बोर्डाला सेलची गरजच पडत नाही. सेल मेला तरी बोर्डाला पत्ता नाही. त्या रविवारी पहाटे लाइट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरीही थकलेली, ती काही मिनिटांतच बसली असणार. स्टँडबाय गेला. सेल आधीच मेलेला. बोर्ड सगळ्या सेटिंग विसरला आणि कारखान्यातून आला तेव्हाच्या मूळ सेटिंगवर गेला. आपल्या कॉम्प्युटरवर सुरुवातीला विंडोज ७ टाकलं होतं, जुन्या म्हणजे 'लेगसी' पद्धतीने, आणि पुढे त्याचंच विंडोज १० केलं. बोर्डाची मूळ सेटिंग मात्र नव्या 'यूईएफआय' पद्धतीची. नव्या पद्धतीचा पहारेकरी जुन्या पद्धतीचं ओळखपत्र मानेना. डिस्क दारात उभी आणि हा म्हणतो, कुणी आलंच नाही.

रॅमचंही तसंच. झोपेत रॅमला फक्त आहे ते टिकवायचं असतं. वीज पूर्ण जाऊन परत आली की बोर्ड तिला पहिल्यापासून तपासतो. काळे पडलेले दात तेव्हा उघडे पडले.

म्हणजे थकलेला यूपीएस, मेलेला सेल आणि गंजायला लागलेले संपर्क, हे तिन्ही आजार महिनोन् महिने होते. झोपेने ते झाकून ठेवले होते. एक दिवस पांघरूण ओढलं गेलं आणि तिन्ही एकदम दिसले.

मॅनेजरनी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला. खर्च चाळीस रुपये. सेल बसवला, तारीख-वेळ लावली, बायोसमध्ये जुनी 'लेगसी' पद्धत पुन्हा निवडली आणि सेव्ह करून बाहेर पडलो.

विंडोज सुरू झालं. नुसतं सुरू नाही, 'पुन्हा चालू करत आहे' असं दाखवून सुरू झालं. खजिनदार माझ्या खांद्यावरून बघत होते. पडद्यावर शनिवारी रात्रीचा ताळेबंद जसाच्या तसा, सेव्ह न केलेला, कर्सर त्याच घरात लुकलुकतोय. हायब्रिड स्लीपने झोपण्याआधी कपाटात उतरवलेली ती प्रत. मधल्या दोन दिवसांत कुणी डिस्कला हात लावला नव्हता, म्हणूनच ती शाबूत राहिली. संध्याकाळपर्यंत फॉर्मॅट झाला असता तर ताळेबंद गेला असता, अकरा वर्षं गेली असती, आणि आजींचा कागदही.

पहिलं काम काय केलं? चहा नाही. आधी सेव्ह, मग दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी. चहा नंतर. नोटीस वेळेत निघाली, आणि आजींच्या नावावर फ्लॅट त्याच वर्षी झाला.

तुमच्या घरी असं झालं तर

प्रत्येक वेळी कारण हेच असेल असं नाही. म्हणून लक्षणांवरून वाट धरा.

पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही, तर आधी बोर्डावरचं बटण, एक्स्टेन्शन, यूपीएस आणि एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बघा. थेट भिंतीतल्या प्लगला लावून बघा. चार-पाच वेळा बटण दाबल्यावर कधीतरी चालू होत असेल तर एसएमपीएस म्हातारा झाला आहे, तो बदला. पण एसएमपीएसची डबी स्वतः कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात काही वेळ धोकादायक वीज साठून असते. हे मी इलेक्ट्रिशियन म्हणून सांगतोय.

पंखा दोन सेकंद फिरून थांबतो, पुन्हा फिरतो, असं चाललं असेल तर बहुधा रॅम किंवा एसएमपीएस. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

पडद्यावर अक्षरं आली तर बटणं दाबत सुटू नका. आधी वाचा, आणि मोबाइलवर फोटो काढा. निम्मं निदान त्या ओळीत असतं.

विंडोजचं गोल चक्र फिरत राहिलं, पुढे जाईना, तर बटण दाबून धरून बंद करा. लागोपाठ दोनदा सुरुवात अर्धवट राहिली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा मेनू दाखवतं. तिथून 'सेफ मोड' निवडा. पण त्याच मेनूत 'रीसेट' असंही एक बटण असतं, आणि त्यातली 'सगळं काढून टाका' ही ओळ म्हणजे फॉर्मॅटची सख्खी बहीण. तिला हात लावू नका.

नवीन कॉम्प्युटर असेल तर आणखी एक. काहींमध्ये डिस्कला कुलूप असतं, बिटलॉकर नावाचं. बायोसमध्ये बदल झाला की ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती किल्ली आजच शोधून कागदावर लिहून ठेवा. त्या दिवशी शोधायला गेलात तर ती त्याच बंद कॉम्प्युटरमध्ये असेल!

आणि काही केल्या उठलाच नाही, तरीही मजकूर वाचू शकतो. डिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. मात्र त्यातून फक्त कॉपी घ्या, तिच्यावर काही लिहू नका. 'तपासून दुरुस्त करू का?' असं विचारलं तर नाही म्हणा. दुरुस्तीवाल्याकडे नेलात तर आत जाण्याआधी एकच वाक्य सांगा, शक्यतो लिहून द्या: "डेटा पाहिजे. मला विचारल्याशिवाय फॉर्मॅट करायचा नाही." भला कारागीर याचा राग मानत नाही.

भिंतीवर लावायची यादी

त्या नववीतल्या मुलीच्या वहीवरून ही यादी केली आहे. ऑफिसात लावलेली आहे, स्मरणिकेतही छापा असं मी सुचवलं आहे.

१. कॅप्स लॉकचा दिवा बघा.
२. मॉनिटर आणि त्याची केबल बघा.
३. वायर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबा.
४. प्रिंटर, पेन ड्राइव्ह सगळं काढून चालू करा.
५. वायर काढून रॅम काढा, पुसा, नीट बसवा.
६. अक्षरं आली तर फोटो काढा. तारीख चुकली असेल तर सेल बदला.
७. बायोसच्या यादीत डिस्कचं नाव आहे का बघा.
८. एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदल लिहा.
९. फॉर्मॅट आणि रीसेट कुणालाही, कधीही, विचारल्याशिवाय नाही.

आणि उठत असतानाच, म्हणजे आजच करायची कामं. काम थांबवताना सेव्ह करा, मग झोपवा. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं तर विंडोज शटडाउनमध्येही अर्धं झोपेतच राहतं. रीस्टार्टमध्ये मात्र पहिल्यापासून उठतं. महिन्यातून एकदा शटडाउन करून मागची वायर काढा आणि तासाभराने लावा. तारीख बरोबर राहिली तर सेल ठीक. बायोसच्या सेटिंगचे दोन-चार फोटो काढून ठेवा. आणि मजकुराच्या तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या वस्तूंवर, आणि त्यातली एक या इमारतीच्या बाहेर. ऑफिसची बाहेरची प्रत आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी निघते. सेक्रेटरी, निघते ना? निघते म्हणतायत. पुढच्या रविवारी मी बघायला येणार आहे.

आता संपवतो. पंचवीस वर्षं झाली आपल्या सोसायटीला. बिल्डर, गळती, पाणी, लिफ्ट, सगळ्यातून आपण इथवर आलो. स्लीपवर टाकलेली कामं आपल्याकडेही थोडी नाहीत, ती कुठली ते वार्षिक सभेत बोलू. आज एवढंच, की तुमच्या प्रत्येकाच्या घरातल्या त्या पेटीत कुणाचा तरी आवाज, कुणाची तरी सही, कुणाचे तरी फोटो आहेत. घरी गेल्यावर जेवायच्या आधी त्यातली एक गोष्ट दुसरीकडे कॉपी करा. फक्त एक. मला जे करता आलं नाही ते तुम्ही केलंत, की माझं आजचं बोलणं वसूल झालं.

प्रश्न असतील तर विचारा, पण आधी चहा घ्या, थंड होतोय.